आईच्या माहेरचा जीन

३ नोव्हें., सोम.
सागरच्या रक्ततपासणीचा खरा खर्च: लॅबचे पैसे पल्लवीने आपल्या पगारातून भरले, म्हणजे मला फुकट. माझ्या बाजूने चाकणच्या आमच्या मशिन-शॉपला अर्ध्या दिवसाची दांडी, चौघांच्या दंडाला सुई आणि बायकोचा, सुनंदाचा अबोला. अबोल्याआधी एवढंच म्हणाली, "पोराला जन्मापासून ऐकू येत नाही. आता घोड्याएवढा झाल्यावर कारण शोधून कुठे चिकटवायचंय?" पल्लवीचं एकच, भावाचं कारण तिच्या साखरपुड्याआधी कळायला हवं. साखरपुडा तीस तारखेला, तुषारशी. माझ्या ताईचाच मुलगा. आत्याच्या घरी तर जायचंय, त्याला रक्त कसलं तपासायचं? पण पोरगी माझ्यावर गेलीय, ऐकत नाही.

लॅबच्या समुपदेशक बाई वाकडला बसतात. घराण्याचा तक्ता काढला, बायका गोल, पुरुष चौकोन. मी छातीठोक सांगितलं, "मॅडम, सागर सोडला तर दोन्ही बाजूंना कुणी बहिरं नाही. उलट आमचे कान बघा, गेटवरून सांगतो कुठल्या मशिनचं बेअरिंग चाललंय!" बाई हसल्या. सुनंदा पदराशी चाळा करत बसली.

२१ नोव्हें., शुक्र.
रिपोर्ट आला. जीनचं नाव सीडीसी फोर्टीन ए. पेशी एकीच्या दोन होताना प्रथिनांवर फॉस्फेटच्या खुणा लागतात. काम झालं की त्या काढाव्या लागतात. त्या काढणारं प्रथिन हा जीन बनवतो. मी म्हटलं, म्हणजे आमच्याकडे जॉबवरचा, म्हणजे पार्टवरचा, होल्डचा टॅग काढणारा क्वालिटीवाला. तो आला नाही की लाइन उभी. बाई म्हणाल्या, "साधारण तसंच. पण कानात त्याचं आणखी काहीतरी काम असतं. तो नसला की ऐकण्याच्या पेशी टिकत नाहीत."

सागरच्या ह्या जीनच्या दोन्ही प्रती खराब. एक माझी, एक सुनंदाची. एकच खराब असली तर काही होत नाही, कळतही नाही. पल्लवीत एक आहे.

दोन वेगळ्या माणसांत तीच खोट कशी? बाईंनी तक्त्यावर पेन टेकवलं. सुनंदा माझ्या सख्ख्या मामाची मुलगी. पेन वर सरकलं, मामाच्या चौकोनावर, तिथून शेजारच्या गोलावर. आई.

तुषारचंही रक्त बघायला हवं. त्याच्यातही निघाली तर प्रत्येक बाळाला बहिरेपणाची शक्यता चारात एक.

२२, शनि.
आई जाऊन वर्षं झाली, पण काल दुपारपासून कानात बसलीय. "बाहेरचं रक्त नको रे बाळू, माहेर तुटतं." हेच बोलून माझं लग्न जमवलं होतं. कंप्रेसर बंद करून पाहिला. शॉप शांत, ती चालूच. समोर सागर मशिनवर. माझा चेहरा बघून त्याने हातानेच विचारलं, काय झालं? काही नाही म्हणून मान हलवली. त्याला पटलं नाही.

२३, रवि.
मोशीला ताईकडे. सगळं सांगितलं. ताईने उकळत्या चहाखालचा गॅस बंद केला.
"आईच्या रक्तात खोट काढतोस?"
"तपासणी आहे ताई, शिवी नाही."
"सरळ नाही म्हण ना मग. वाकडचा फ्लॅटवाला गावला असंल."
तुषार दारातून, "मामा, मी देतो ना रक्त."
"तू आत हो!"
सत्तावीस वर्षांचा टीम लीडर आत गेला. चहा राहिलाच.

२६, बुध.
सुनंदा पोळ्या लाटताना अचानक म्हणाली, "आमची मुकी आत्या आठवते?"
तिची आत्या म्हणजे माझी मावशी. मामाच्या मागच्या पडवीत धान्य निवडत बसायची. विहिरीवर तिला कायतरी दिसलं आणि वाचा बसली, असं सांगायचे. त्या विहिरीकडे मी अजून बघत नाही. एकदा मामाच्या हातून हंडा पडला, घर दचकलं, मावशीने मान वर केली नाही. माझ्या डोळ्यांसमोर.
"मुकी नव्हती ती, बहिरी होती," सुनंदा म्हणाली. "बहिरी म्हटलं तर रक्तातलं वाटतं, बाकीच्या पोरींची लग्नं अडतात. म्हणून मुकी म्हणायचं. तुमच्या आईनं मला शपथ घातलेली."
विहिरीत काही नव्हतंच. मग मी इतकी वर्षं कशाला...

बाईंना फोन केला. तक्त्यात भरायला मावशीचं नाव विचारलं त्यांनी. मला येईना. सुनंदालाही येईना.

२९, शनि.
उद्याचा साखरपुडा पुढे ढकलला. पाहुण्यांना सांगितलं, पल्लवीला ताप. आईने केलं, आम्हीही तेच करतोय.
तुषारने ऑफिसला जाता जाता रक्त दिलं, आईपासून लपवून. रिपोर्टला महिना लागेल. खराब निघाला तर काय, हे पल्लवी बोलत नाही. मीही नाही.
संध्याकाळी ताईचा फोन. आवाज बसलेला. भांडण निघायच्या आत मी मुक्या मावशीचं नाव विचारलं.
"कुठल्या?"
"कुठल्या म्हणजे?"
"दोघी होत्या बाळू. धाकटी तुझ्या जन्माआधीच गेली."