भिंगवाला कुठे राहणार?

४ जून

ती. स्व. सौ. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. मागच्या कोड्यातली चूक मान्य. एकच न्हावी एका वेळी दोन घरांत राहू शकत नाही, हे तुझं म्हणणं रास्त आहे. साप्ताहिकाच्या संपादकांना ते दिसलं नव्हतं. त्यांच्या मते शेवटचं पान कुणी वाचत नाही, आणि निदान संपादक तरी वाचत नाहीत हे सिद्ध झालं. माझं प्रत्येक कोडं छापण्याआधी तुझ्या कात्रीखालून जातं, म्हणून चारचौघांत तोंड दाखवायला जागा आहे.

आता बातमी. आमचं चष्म्याचं दुकान महिनाअखेर बंद होतंय. मालकांचे चिरंजीव तिथे मोबाइलची कव्हरं विकणार आहेत. त्यांनी मला बोलावून फार प्रेमानं सांगितलं की भिंगं आता यंत्रावर घासली जातात, तेव्हा काका, तुम्ही आराम करा. आराम कुठे करायचा ते सांगायला विसरले. ते काम घरमालकांनी अंगावर घेतलंय. खोली ठेवणार की सोडणार, ते महिना संपायच्या आत सांगा, म्हणाले, कारण खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना त्यांचे साचे ठेवायला जागा हवी आहे. म्हणजे माझी चुरस आता प्लास्टरच्या जबड्यांशी आहे.

माझं काही ठरत नाहीये. म्हणून सोबत एक कोडं पाठवतो. नेहमीसारखं तपासून दे.

दुकान बंद झाल्यावर तिघं जण निघतात: भिंगं घासणारा, फ्रेमा जोडणारा आणि गल्ल्यावर बसणाऱ्या बाई. प्रत्येक जण आठवण म्हणून एक वस्तू नेतो: स्टूल, आरसा किंवा नजर तपासायचा अक्षरांचा तक्ता. एक जण बहिणीकडे राहायला जातो, एक मुलाकडे, आणि एक आहे त्या भाड्याच्या खोलीतच राहतो. बाईंना मुलगा आहे. दोघा पुरुषांना एकेक बहीण आहे. कोण काय नेतो आणि कुठे राहतो?

पहिली अट: आरसा नेणारं माणूस मुलाकडे जातं. दुसरी: भिंगवाल्याला मूलबाळ नाही. तिसरी: फ्रेमवाल्याच्या बुडाखालचं स्टूल काढून घ्यायची कुणाची छाती झाली नाही. चौथी: जो आहे तिथेच राहतो, त्याला कुणीही 'ये' म्हटलेलं नाही.

भावोजींना नमस्कार. तुझा लोभ नेहमी मापात मिळतो, तसाच मिळत राहावा.

तुझा,
धाकटा

९ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्रात आधी न्हावी, मग संपादक, आणि दुकान बंद होतंय ही बातमी शेवटी, अशा क्रमानं लिहिलंस. तिचा नंबर लागला हेच आमचं भाग्य. हे म्हणाले, फोन कर त्याला. मी म्हटलं, फोनवर तो नुसता 'हं' म्हणतो. त्या 'हं'चा अर्थ लावत बसण्यापेक्षा कोडं सोडवणं सोपं.

तर शिवणाच्या खाक्यांचा कागद घेतला, चौकटी आखल्या आणि बसले. तिसऱ्या अटीनं स्टूल फ्रेमवाल्याचं झालं. तिथे बरोबरची खूण, त्याच्या बाकी वस्तूंवर फुल्या. दुसऱ्या अटीनं भिंगवाल्याला मूल नाही, म्हणजे तो मुलाकडे जाणार नाही. आरसा तर पहिल्या अटीनं मुलाकडेच जातो, म्हणजे आरसाही त्याचा नाही. स्टूल गेलं, आरसा गेला, राहिला तक्ता. तो भिंगवाल्याचा. मग आरसा बाईंचा, आणि बाई आरशासकट मुलाकडे. सुनेला माझ्या शुभेच्छा कळव.

उरले दोन पुरुष आणि दोन जागा. चौथी अट म्हणते, राहणाऱ्याला कुणी बोलावलेलं नाही. भिंगवाल्याला बहिणीनं बोलावलेलं आहे, सबब तो राहणारा नव्हे. तो तक्ता घेऊन बहिणीकडे येतो, आणि फ्रेमवाला बिचारा स्टुलावर बसून राहतो. सुटलं. खरं सांगायचं तर फारच सोपं होतं. भिंगं घासता घासता तुझी धार गेलेली दिसते.

माडीवरच्या खोलीतले शाळेच्या गणवेशांचे गठ्ठे खाली हलवलेत. आता जेवायच्या टेबलावर चड्ड्या आहेत आणि हे ताट मांडीवर घेऊन जेवतात. तक्ता लावायला खिळा ठोकून ठेवलाय. दातांच्या डॉक्टरांना म्हणावं, जबडे खुशाल आणा.

आशीर्वाद नेहमीचेच, वर थोडे जास्तीचे.

ताई

१४ जून

ती. स्व. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

उत्तर चुकलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा चुकलं, म्हणून मी ते पुन्हा पुन्हा वाचलं, चष्मा पुसून वाचलं. वस्तूंपर्यंत सगळं चोख आहे. पुढे 'भिंगवाल्याला बहिणीनं बोलावलेलं आहे' हे वाक्य तू कुठून आणलंस? माझ्या चार अटींत ते नाही. डॉक्टर म्हणजे पुरुषच असणार असं मी एकदा धरून चाललो होतो, तेव्हा तू अख्खं कोडं परत पाठवलं होतंस आणि वर लिहिलं होतंस की कागदावर नसलेलं डोक्यातून आणायचं नाही. आता तुझ्या डोक्यातून अख्खं आमंत्रण निघालं.

मी तुझी जुनी पत्रं काढून बसलो. उगाच आळ नको. त्यात माडीवरच्या खोलीत कुणी राहत नसल्याची बातमी आहे. पंखा दुरुस्त झाल्याची आहे. नळाला आता गरम पाणी येतं, खिडकीतून रस्ता दिसतो, दवाखाना जवळ आहे. ताई, याला घर भाड्यानं देण्याची जाहिरात म्हणतात. 'ये' हा शब्द मला एकाही पत्रात सापडला नाही. तेव्हा कोड्याला दोन उत्तरं आहेत: भिंगवाला बहिणीकडे आणि फ्रेमवाला खोलीत, किंवा नेमकं उलट. दोन्ही चारही अटींत बसतात.

तुला वाटेल मी थट्टा करतोय. करतोयच. पण चार दिवस पाहुणा म्हणून येणं वेगळं आणि पेटी घेऊन येणं वेगळं. दुकानानं नको म्हटल्यावर हा आला, असं कुणाच्याही मनात यायला नको, तुझ्या तर नकोच. बोलावल्याशिवाय मी येणार नाही. घरमालकांना अजून काही सांगितलेलं नाही.

लोभाची घडी मोडू नये ही विनंती.

धाकटा

१८ जून

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

सख्ख्या भावाला आमंत्रण पत्रिका लागते हे माहीत नव्हतं. माहीत असतं तर सोनेरी अक्षरांत छापून घेतली असती. पंखा मी कुणासाठी दुरुस्त केला असं तुला वाटतं, कबुतरांसाठी? त्या खोलीच्या खिडकीतून रस्ता दिसतो हे मी तुला लिहिलं, ते काय रस्त्याची काळजी वाटते म्हणून? शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. तुला तर शब्दांच्या पोत्यानं मारलं तरी कळत नाही.

आणि मी म्हणते, बोलावणं नाही, बोलावणं नाही म्हणून बसण्यापेक्षा 'ताई, मी येऊ का' असं विचारायला तुझी जीभ झडली होती का? ते नाही जमलं. तिघांना, आरशाला आणि स्टुलाला मध्ये घातलंस. यायचं नसेल तर सरळ लिही. फुल्यांच्या आड लपू नकोस. गठ्ठे परत माडीवर न्यायला मला वेळ लागणार नाही.

आशीर्वाद मागच्या पत्रातले जपून वापर. नवे सध्या शिल्लक नाहीत.

ताई

२० जून

श्री. मेहुणेबुवांस,
स. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या बहिणीला न सांगता लिहितो आहे. मी आयुष्यात तुमचं एकही कोडं सोडवलेलं नाही. पण इतका संसार झाल्यावर घरातलं थोडंफार कळतं.

तुमचं पत्र आल्यापासून ही मशीनवर बसते आणि एका सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्या लावून उठते. काल मी विचारलं की बाई, त्याला एवढंच हवं आहे तर 'ये' असं लिहून का टाकत नाहीस. आधी माझ्या अकलेवर थोडं बोलून झालं. मग म्हणाली, तो नाही म्हणाला तर? विचारलंच नाही तर नाही म्हणायची वेळ येत नाही, आणि खोली त्याचीच राहते.

मी तुम्हाला बोलावलं असतं. पण तुम्ही म्हणाल, हे बहिणीचं वाक्य नाही, आणि पत्र परत पाठवाल. तुम्ही दोघंही फार हुशार, त्यामुळे साध्या गोष्टीला घरात वेळ लागतो. माझं मत कुणी विचारलेलं नाही, तरी सांगतो: मलाही संध्याकाळी बोलायला माणूस हवं आहे. जेवायला टेबलही हवं आहे.

आपला स्नेह आहेच. तो जवळून मिळाला तर सोयीचं होईल.

तुमचे,
भावोजी

२४ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

यांनी तुला पत्र लिहिलंय, हे मला कळलं. माणूस कधी नव्हे तो स्वतः होऊन पोस्टात गेला आणि आल्यावर विनाकारण भांडी घासली. काय लिहिलं ते विचारलं नाही. चेहऱ्यावरून कळलं.

कोडं पुन्हा मांडलं. तुझं बरोबर आहे. दोन उत्तरं निघतात. वाक्य कागदावर नव्हतं, ते मी मनानं घातलं, कारण माझ्या मनात ते इतकी वर्षं आहे की लिहिल्यासारखंच वाटत होतं. एक अट कमी पडते आहे. ती आता लिहिते, म्हणजे पुढे तक्रार नको.

पाचवी अट: ये. राहायला ये. दुकान बंद झालं म्हणून नको येऊस, मला तू घरात हवा आहेस म्हणून ये. दुकान चालू असतं तरी मला हेच हवं होतं. तू नाही म्हणालास तर मला फार वाईट वाटेल. तेही लिहून ठेवते.

हे लिहायला दुपार गेली. हसू नकोस.

माझे सगळे आशीर्वाद पाठवते, मागे काही राखलेलं नाही.

ताई

२८ जून

ती. स्व. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

पाचवी अट मिळाली. तपासली. उत्तर एकच निघतं. येतो.

हसलो नाही. पत्र दुकानात उघडलं ही चूक झाली. भिंगाची धूळ डोळ्यात गेली असं सांगितलं, पण गेले कित्येक दिवस दुकानात एकही भिंग घासलेलं नाही, त्यामुळे कुणाचा विश्वास बसला नाही. घरमालकांना सांगून टाकलं. दातांचे डॉक्टर लगेच टेप घेऊन वर आले आणि मी खोलीत असतानाच भिंती मोजायला लागले. मी जरा बाजूला सरकलो.

मग मी एक मूर्खपणा केला. तुझं पत्र फ्रेमवाल्याला वाचायला दिलं. मिरवायचं होतं, दुसरं काय. त्यानं शांतपणे वाचलं, घडी घालून परत दिलं आणि विचारलं, असं लिहून मागावं लागतं का? मी म्हटलं, आमच्या घरात लागतं. तो म्हणाला, त्याची बहीण प्रत्येक पत्रात लिहिते की मागच्या दाराशी सकाळी ऊन छान येतं. त्याला इतकी वर्षं वाटत होतं, ती हवामान कळवते.

ताई, चौथी अट मी लिहिली तेव्हा ती माझ्यासाठी होती. तू पाचवी घातलीस आणि चौथी उठून त्याच्यापुढे जाऊन बसली. कोड्यात एकाला मागे राहावंच लागतं, त्याशिवाय चौकट भरत नाही. मी ते छापायला पाठवलेलं नाही.

त्याच्या बहिणीचा पत्ता खाली लिहिला आहे. मी लिहिलं तर तिला वाटेल भावानंच गळ घातली. तू लिही. तिला म्हणावं, ऊन येतं ते कळलं, आता पुढचा शब्दही लिहून टाका. तो नाही म्हणणार नाही. मी त्याला विचारलंय.

लोभाचं मागणं या खेपेला माझं नाही, त्याच्या बहिणीचं समजून पुरं कर.

तुझा,
धाकटा