माझं डुक्कर हलत नाही

सोमवार
शुक्रवारी पाहुणे सर्जन डुकरावर ऑपरेशन करून शिकवणार. भूल माझ्याकडे. नीट पार पडलं की हेड टेक्निशियनची खुर्ची आपली. इथे लादी पुसायला लागलो होतो मी! डिग्रीवाल्यांनी बघून शिकावं.

मंगळवार
जनावरांच्या डॉक्टरबाईंची तीच टकळी. म्हणे, स्नायू ढिले करायचं इंजेक्शन म्हणजे भूल नव्हे. जनावर लुळं पडतं, झोपत नाही. आधी गॅसने गाढ झोपवा, खुराला चिमटा काढून बघा, मगच ते द्या. नंतर दुखलं तरी बिचाऱ्याला पाय झाडता येणार नाही, नुसती नाडी धावेल.
बिचारं म्हणे! डुक्कर आहे, जावई नव्हे.

बुधवार
गेल्या खेपेला बाईंनी चिमटा काढला, डुकराने लाथ झाडली, ट्रे खाली. शोभा झाली. माझं डुक्कर कानसुद्धा हलवणार नाही. संकल्प: झोपेचं छोटं इंजेक्शन, नळी, श्वासाचं मशीन आणि लगेच लुळं करायचं. चिमटे कॅन्सल.

शुक्रवार, दुपार
पुतळा! पाहुण्यांना उशीर, म्हणून डुकराच्या डोक्याशी उभं राहून शिकाऊ डॉक्टरांना माझी सगळी कारकीर्द ऐकवली. नाडीचं मशीन टीं-टीं-टीं करत सुटलं. जुनाट डबडं. माझे कान तिखट, शिवाय माझंच बोलणं मला ऐकू येईना. आवाज बंद केला.
पाहुण्यांनी सुरी उचलली आणि बाई किंचाळल्या. गॅसचं बटण शून्यावर.
असेल. एकट्या माणसाने काय काय बघायचं? बाई म्हणाल्या, छोट्या इंजेक्शनची झोप केव्हाच उतरली, ते मघापासून जागं आहे, सगळं ऐकतंय. मी म्हटलं, मग बोललं का नाही? कोणी हसलं नाही. शिकलेल्यांना विनोद कळत नाही.

शुक्रवार, संध्याकाळ
ऑपरेशन रद्द. डुक्कर सुखरूप परत खोलीत, मग एवढं आकांडतांडव कशाला? हिला सांगितलं. ही डुकराच्या बाजूने! म्हणाली, इतका वेळ तुमचं ऐकायचं आणि उठूनही जाता येत नाही, मला विचारा.

शनिवार
खुर्ची तूर्त लांबली. डुकरांच्या खोलीवर नेमणूक. तिथे जाणता माणूस लागतच असणार.

सोमवार
खाण्याची बादली घेऊन गेलो. बाकीची धावत आली. शुक्रवारचं ते एक कोपऱ्यात. गोडीने म्हटलं, ये रे बाळा, मी आहे. असं किंचाळलं की झाडूवाली धावत आली. म्हणाली, कालपर्यंत तर गुणी होतं, दादा, तुम्ही जरा बोलू नका बघू.
गप्प उभा राहिलो.
आलं. सगळं खाल्लं.