वेदरॉलच्या दुसऱ्या सिंफनीचा खरा क्रम

९ जानेवारी १९९४, रविवार
संकल्प. एक: लेख पूर्ण करायचा. दोन: डेस्मंडशी वाद घालायचा नाही. तीन: चहाबरोबर दोनच बिस्किटं.

लेनर्ड वेदरॉलने १९३८ साली वाद्यवृंदापुढे स्वतः उभं राहून आपली दुसरी सिंफनी रेकॉर्ड केली होती. ती आता सीडीवर येणार. जगात त्या रेकॉर्डींचा एकच संच उरलाय आणि तो लेडबरीत, माझ्या पुढच्या खोलीत आहे. चार रेकॉर्डी, चार-चार मिनिटांच्या आठ बाजू, लेबलं कोरी. १९६३ साली चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीत मिळाल्या. कंपनीने त्या उसन्या मागितल्यात. माझी अट एकच: सीडीसोबतच्या पुस्तिकेतला लेख सिरिल ट्विगचा, म्हणजे माझा. कंपनी म्हणते, ते मिस ऑनर वेदरॉल ठरवतील. त्या संगीतकाराची मुलगी.

ठरवायचंय काय त्यात? आनंदाने उडी मारतील.

बिस्किटं चार. थंडी फार आहे.

१५ जानेवारी
लेखाचं पहिलं वाक्य जमलं. नंतर खोडलं.

मुद्दा मात्र पक्का आहे. बाजारात या सिंफनीची आणखी दोन ध्वनिमुद्रणं आहेत, दोन्ही मिळमिळीत. दोन्ही मी पाच मिनिटांच्या पुढे ऐकू शकलो नाही. छापील स्वरलिपी तशीच, सुरुवातीपासून शेवटाकडे सरळ चालत जाणारी. उघडलीसुद्धा नाही. आणि वेदरॉलने स्वतः काय केलंय? पहिली चार मिनिटं होतात न होतात तोच शेवट. नगारे, तुताऱ्या, सगळं. मग परत सुरुवातीकडे. मग शेवटाच्या जरा अलीकडे. अशी दोन्ही टोकांकडून आत आत येत सिंफनी मधोमध थांबते, एका बासरीवर, अर्ध्या वाक्यात. एकतीस वर्षं ऐकतोय, अजून अंगावर काटा येतो. प्रकाशक घाबरले आणि त्यांनी ती सरळ करून छापली, हे उघड आहे.

याबद्दल रेकॉर्डींच्या मासिकाला चौदा पत्रं लिहिली. एक छापलं. त्यातलाही रेकॉर्डी पुसायच्या फडक्याबद्दलचा परिच्छेद तेवढा.

२ फेब्रुवारी
हिलरीने आज रेकॉर्डींवरची धूळ झटकताना त्यांवर खरवडलेले आकडे वाचले. म्हणाली, अरे सिरिल, हिच्या एका बाजूला ७१ आहे आणि पाठीमागे ७८. दुसरीवर ७२, पाठीमागे ७७. माझ्या पहिलीतल्या पोरांकडे दिल्या असत्यास तर त्यांनी ओळीने लावून दिल्या असत्या.

बायको चौतीस वर्षं शाळेत बेरजा शिकवत होती, त्याचा हा परिणाम. मी शांतपणे समजावलं की तो कारखान्यातल्या कारकुनाचा गोंधळ आहे, कलेत ७१ नंतर ७२ आलंच पाहिजे असं नाही. ती म्हणाली, बरं.

तिचं 'बरं' मला आवडत नाही. तशीही ही सिंफनी लागली की ती हातमोजे चढवून बागेत जाते. लग्न झाल्यापासून. बर्फ पडत असला तरी.

२० मार्च
मिस वेदरॉल आमच्या गावातल्या रेकॉर्ड-श्रोत्यांच्या मंडळात माझं व्याख्यान ऐकायला येणार, मगच लेखाचं ठरवणार. छान. पण तारीख डेस्मंडच्या हातात, कारण तो सेक्रेटरी. म्हणाला, चौदा एप्रिलचा गुरुवार घे, पण पाच वाजता हॉल बॅडमिंटनवाल्यांना द्यायचाय. आणि सिरिल, या वेळी लोकांना आधी सांग बाबा. मागच्या खेपेला आठव्या मिनिटाला सिंफनी संपली म्हणून निम्मे लोक टाळ्या वाजवून कोट घालून घरी गेले.

ज्या माणसाच्या घरी फक्त वॉल्ट्झच्या रेकॉर्डी आहेत, त्याने मला शिकवावं. संकल्प क्रमांक दोन आजच्यापुरता स्थगित. पाऊण तास स्थगित.

१३ एप्रिल
लेख एक पान झालाय. उरलेला डोक्यात तयार आहे. शाईचा रंग मनासारखा नव्हता म्हणून थांबलो.

१४ एप्रिल, दुपारी ४
चहाच्या सुट्टीत लिहितोय. लोक एकोणीस. मिस वेदरॉल पहिल्या रांगेत, मांडीवर पर्स. साधारण माझ्याच वयाच्या. दुसरी बाजू लागली तशा त्या दचकल्या. चौथ्या बाजूला रुमाल काढला. सहाव्या बाजूला खांदे हलत होते. रडतायत. बापाचं खरं संगीत पहिल्यांदा ऐकून रडतायत. जिंकलो.

संध्याकाळी ६
हसत होत्या.

सगळं झाल्यावर माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, मिस्टर ट्विग, तुमच्याकडे रेकॉर्डी आपोआप बदलणारा ग्रामोफोन नव्हता का हो कधी? बाबांना दर चार मिनिटांनी खुर्चीतून उठायचा भारी कंटाळा. आमच्याकडे चारही रेकॉर्डी एकावर एक चढवायच्या, एकेक आपसूक खाली पडायची. चारी वाजल्या की सगळी चळत एकदम उलटी करायची, मग उरलेल्या चार बाजू. म्हणून पहिल्या बाजूच्या पाठीला आठवी, दुसरीच्या पाठीला सातवी. चळत उलटी करायचं काम माझं होतं.

आणि तुम्ही प्रत्येक रेकॉर्ड लगेच पालथी घालत होता, होय ना? एकतीस वर्षं?

डेस्मंडने काहीही टोमणा मारला नाही. माझा कोट आणून दिला. ते फार लागलं मला. गाडीत हिलरी 'बरं'सुद्धा म्हणाली नाही.

१७ एप्रिल
रेकॉर्डी कंपनीकडे रवाना. सोबत चिठ्ठी: प्रकृतीच्या कारणास्तव लेख लिहू शकत नाही. प्रकृतीला काही झालेलं नाही. बिस्किटांचा डबा संपला.

३० जून
सीडी आली. लेख मिस वेदरॉल यांचा, चांगला आहे. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात: रेकॉर्डी इतक्या स्वच्छ ठेवल्याबद्दल मिस्टर सिरिल ट्विग यांचे आभार. फडक्याचं काम.

सीडी लावली. हिलरी सवयीने हातमोजे चढवून मागच्या दारापर्यंत गेली. पाचव्या मिनिटाला मला बंद करावीशी वाटली, पण ती दारात थांबली होती, म्हणून केली नाही. मग ती येऊन खुर्चीच्या कडेला बसली. मधली ती बासरी आली. तिचं अर्धं वाक्य पुढे सगळा वाद्यवृंद मिळून पूर्ण करतो. मला हे माहीत नव्हतं. ही सिंफनी मी कधी ऐकलेलीच नव्हती.

संपली तेव्हा हिलरीच्या हातात मोजे तसेच होते. म्हणाली, किती सुंदर आहे रे ही, सिरिल. इतकी वर्षं मला कधी ऐकवली का नाहीस?