बिनखिडकीच्या घरातला खर्डा

अहो,

मोनालीला घेऊन निमगावला आईकडं चाललेय. जळोचीतल्या आपल्या लाइनीतली उरलेली घरं खपवायला बिल्डरशेठ आज वडगावची गिऱ्हाइकं आपल्याकडं जेवायला आणतायत, ते ध्यानात हाय. म्हणून तर आजच चाललेय.

भाकऱ्या दुरडीत झाकून ठेवल्यात, दही फडताळात हाय. फक्त खर्डा राह्यलाय. शेठनी स्वतः फर्माइश केलीय, आन् त्यांना तो तव्यावरनं गरमागरमच लागतो. लवंगी मिरच्या निवडून ठेवल्यात. तेल सोडून चांगल्या करपूस भाजा.

धूर कुठनं जाईल, ते मला इचारू नका. मागच्या घराची भिंत चिकटवायला शेठनी स्वयंपाकघराची खिडकी बुजवली, तुमी मान डोलवलीत. हॉल मोठा दिसावा म्हणून मधली भिंतबी काढू दिलीत. मी खिडकी ठेवा म्हणत होते, तर वास्तुशांतीला सगळ्यांदेखत म्हणालात, "चुलीपुढं जन्म गेलेली बाई ही, हिला नव्या घरातलं काय कळतंय!" शेठ सगळ्यांत मोठ्यानं हसले होते.

बरोबर हाय, मला काय कळतंय? म्हणून गिऱ्हाइकांना मी एका शब्दानं काही बोलणार न्हाय. त्यांना तुमच्या मोठ्या हॉलात सोफ्यावर बसवा, शेठना मधोमध बसवा, आन् मिरच्या तव्यावर टाका.

घर कसं हाय, ते खोकला थांबला की त्यांचं तेच सांगतील.

स्वरूपा