तीन दोर आणि एक हाळी

बुडापेस्ट, ९ एप्रिल १९१८

ती. बालिंतमामांस,
एतेल्काचा शि. सा. न. वि. वि.

पत्रास कारण, दोर. पोलादी तार मिळेना म्हणून आमच्या यंत्रासाठी तुमच्या सेगेदचे वाखाचे दोर आले आहेत. दोर भिजला की शंभर हातांत किती आखडतो, ते आकड्यात कळवावे. ‘बराच’ हे उत्तर नको. ते इथे सगळेच देतात.

यंत्राला पंख नाहीत. दोन मोठे पंखे एकावर एक, उलटसुलट फिरतात आणि त्याला सरळ वर उचलतात. कागदोपत्री ते हेलिकॉप्टर आहे, शिपाई त्याला गिरणी म्हणतात. पंख्यांच्याही वर टोपली आहे. तीत उभे राहून निरीक्षकाने शत्रूच्या तोफा हुडकायच्या. आजवर वापरतात तो निरीक्षणाचा फुगा गोळी लागली की पेटतो, म्हणून सैन्याला हे हवे आहे. तीन बाजूंना तीन दोर, प्रत्येकावर बारा शिपाई. तिन्ही दोर सारखे ताणलेले राहिले तर यंत्र स्थिर. एक सुटला तर ते कलंडेल, आणि उडी मारायची तर खाली फिरते पंखे.

माझा हिशेब बरोबर आहे. अडचण भाषेची आहे. पहिल्या दोरावर आपले मज्यार, दुसऱ्यावर स्लोवाक, तिसऱ्यावर क्रोआट, आणि बादशाही सैन्याचे हुकूम जर्मनमध्ये. गुरुवारी दोर थोडा सैल सोडण्याचा हुकूम झाला. आपल्यांनी सैल केला, स्लोवाकांनी ओढला, क्रोआटांनी सोडूनच दिला आणि सलाम ठोकला. सरावासाठी यंत्र खांबाला टांगलेले होते, पंखे बंद होते, म्हणून निभावले. लेफ्टनंट होन्ती टोपलीतून थेट माझ्या आराखड्यांच्या टेबलावर आले. मी त्यांना आराखड्यांवरून उठायला सांगितले.

२ मे रोजी समितीसमोर यंत्र चढेल. टोपलीत ले. होन्तीच असतील.

मामींना नमस्कार. त्यांचा पाप्रिका कचेरीत चौघांनी शिंकत वाटून घेतला. लोभ आहेच, आकडा उलट टपाली यावा.

आपली
एतेल्का


सेगेद, १५ एप्रिल १९१८

चि. एतुस हीस बालिंतमामाचे अ. आ.

आकडा घे. शंभर हातांत चार हात. चिंब भिजला तर पाच. एक दोर दवात पडून राहिला आणि दोन छपराखाली, तर तुझी गिरणी चढण्याआधीच वाकडी. तिन्ही भिजव, नाहीतर तिन्ही वाळव.

पत्र मामीने मोठ्याने वाचले. तिचे म्हणणे, पोरीने दोराबद्दल विचारलेलेच नाही, त्या लेफ्टनंटाबद्दल लिहिले आहे. तिने मोजले, तीनदा. मी म्हटले, दोराबद्दलच आहे. त्यावर ती म्हणाली की चाळीस वर्षे मला दोराशिवाय दुसरे काही दिसलेलेच नाही.

हुकुमाचे म्हणशील तर त्या बिचाऱ्यांना जर्मन शिकवत बसू नकोस. छत्तीसही जण शेतावरचे असणार. बैलाला कसे थांबवता, एवढेच विचार. दोर विकत मी खाली क्रोआटांत हिंडलो, वर स्लोवाकांत हिंडलो. देवाला हाक मारायची रीत दर मुलखात निराळी, पण बैल सगळीकडे ‘होऽ’ म्हटले की थांबतो. आपला बिंबो आठवतो ना? सहा वर्षांची होतीस तेव्हा त्याला अशी हाळी घालायचीस की शेजारचा न्हावी गिऱ्हाइकाच्या गालावरून वस्तरा उचलायचा.

जपून राहा. त्या टोपलीत तू चढू नकोस. मामी म्हणते, त्यालाही चढू देऊ नकोस.

तुझा मामा


बुडापेस्ट, २२ एप्रिल १९१८

ती. मामांस सा. न. वि. वि.

आकडा मिळाला. तिन्ही दोर छपराखाली हलवले.

ले. होन्तींचा उल्लेख दोनदा होता. तिसरे सर्वनाम होते. मामींना कळवावे.

तुमची सूचना कर्नलसाहेबांपुढे मांडली. बादशहांच्या सैन्यात हुकूम गोठ्यातून येत नाहीत, असे ते म्हणाले. मी ते लेखी मागितले. त्यांनी दिले, शिक्क्यासह.

ले. होन्तींना टोपलीत दुसऱ्या कोणाला पाठवता येईल का, असे विचारले. त्यांचे उत्तर, दुसऱ्याचे वजन वेगळे पडेल आणि माझे सगळे आकडे बदलावे लागतील. हे खरे आहे. तरीही मी आकडे बदलून द्यायला तयार होते.

आशीर्वाद असावेत, यावेळी जरा जास्त.

एतेल्का


बुडापेस्ट, ३ मे १९१८

ती. मामा आणि मामींस सा. न. वि. वि.

काल दहा वाजून वीस मिनिटांनी यंत्र चढले. अकरा मीटरवर इंजिन तापून खोकू लागले. कर्नलसाहेबांनी यंत्र सावकाश खाली घेण्याचा हुकूम दिला. क्रोआटांना तो सरावातल्या त्या गुरुवारचाच, सैल सोडण्याचा, वाटला. त्यांचा दोर सरसर सुटू लागला आणि टोपली कलली.

मी ओरडले. काय ते अहवालात लिहावे लागले आहे, तेव्हा इथेही लिहिते: ‘होऽ, बिंबो, होऽऽ.’

छत्तीस जण जागच्या जागी थांबले. दोर आवळला गेला. समितीतले एक सेनापतीही पाय उचललेल्या स्थितीत थांबले. मग आपल्या तुकडीतला एक नाईक बैल हाकायची हाळी देऊ लागला आणि तिन्ही तुकड्या एका पावलाने दोर ओढू लागल्या. यंत्र सरळ उतरले, शेवटचा दीड मीटर वगळून. तेवढे पडले. खालचा पंखा मोडला. माणसाचे काही मोडले नाही.

समितीने विचारले की बिंबो कोणत्या तुकडीत आहे. कर्नलसाहेबांनी तो रजेवर असल्याचे सांगितले. मला त्यांच्याकडून ही अपेक्षा नव्हती.

यंत्राचे पुढे काय, हे समिती पावसाळी हवेसारखे मोघम बोलून गेली. पंखा दुरुस्त व्हायला सहा आठवडे लागतील.

संध्याकाळी ले. होन्ती टेबलापाशी आले. मी ओरडले तेव्हा घाबरले होते का, असे त्यांनी विचारले. मी नाही म्हणाले. त्यावर ते म्हणाले की त्यांनी वरून माझा चेहरा पाहिला होता. अकरा मीटरवरून चेहरा स्पष्ट दिसतो आणि निरीक्षण हेच त्यांचे काम आहे. त्यामुळे मला हरकत घेता आली नाही.

रविवारच्या गाडीने आम्ही दोघे येतो. त्यांचे नाव गास्पार. मामींनी काय ते त्यांनाच विचारावे, मला विचारू नये.

दोघांवर लोभ असू द्यावा.

आपली
एतेल्का