तळ्यात की बोडीत?

प्रिय सुकदेवचे बाबा,

‘प्रिय’ हा शब्द शेवंतानं आपल्या मनानं घातला. मी फक्त ‘सुकदेवचे बाबा’ म्हटलं होतं. पत्राची रीत असते म्हणते सून. राहू द्या. या वयात कोण हसते आता.

ओळखलं ना मले? आधी विचारून घेतलेलं बरं. कन्हानच्या बाजारात चपला विसरून अनवाणी घरी येणारा माणूस तुम्ही. एकदा तर माझ्या माहेरी मलेच विसरून बंडी जुंपून निघाले होते, अन् नाल्यापाशी आल्यावर आठवलं की बंडी हलकी काहून लागते. जातानाही तेच केलं. सुकदेवले जाळं सांभाळ म्हटलं, गाईचं दावं बदल म्हटलं, अन् स्वतः जाऊन राहणार कुठं, तेवढं सांगायचं विसरले.

म्हणून हे पत्र. अखाजी तोंडावर आली आहे. गेलेल्याचं पान वाढायचा दिवस, अन् तुमचं पान कुठं ठेवावं हेच मले समजून नाही राहिलं. शेवंता विचारते, “माय, पत्ता कोणता टाकू? तळं, लहान बोडी, का वर?” मी म्हटलं, पत्ता माहीत असता तर पत्र काहून लिहिलं असतं वं?

तुमच्या माघारी काय झालं ते सांगते. मधात झोपू नका.

ते माशांचे डॉक्टर तुम्हीच गावात आणले, हे तरी आठवते ना? नागपूरच्या कॉलेजातले. मासा तोंडात घालत नाहीत, अन् आपल्यासारख्या ढिवरांले मासा शिकवायले आले, म्हणून मी किती हसली होती. पण माणूस पाण्यात उतरायचा. पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळून तुमच्याबरोबर चिखलात फिरायचा, कोणता मासा अंडी कुठं टाकते ते तुमाले विचारायचा, अन् तुम्ही असे ऐटीत सांगायचे जसं काही प्रत्येक अंड्याच्या बारशाले जाऊन आले.

त्यानं सांगितलं, तळ्यात मरळी आहेत तोवर रोहूचं बीज, म्हणजे बारकी पिल्लं, टिकणार नाही, मरळ ते खाऊन टाकते. उन्हाळ्यात पाणी उतरलं की मोहाच्या बियांचं तेल काढून उरलेली ढेप टाकायची. तिच्यानं जुने मासे मरतात, मग तिचंच खत होते, अन् पावसात रोहू-कतल्याचं बीज सोडायचं. तुम्ही मच्छीमार सोसायटीच्या बैठकीत हो म्हटलं. तुम्ही म्हटलं म्हणून साऱ्यांनी हो म्हटलं.

अन् घरी येऊन मले काय म्हटलं? “मरळ नसलेलं तळं म्हणजे काय तळं आहे?” मग तिथं हो काहून म्हटलं, असं मी विचारलं. तुम्ही कूस बदलली अन् घोरायले लागले. आजपर्यंत त्या घोरण्याचा अर्थ मले लागला नाही. तुमच्या मनात हो होतं का नाही होतं? का डॉक्टरले एक अन् बायकोले एक, असं वाटूनच ठेवलं होतं?

मग माघात तुम्ही गेले. दहाव्याले आपल्या घराण्याची रीत सुकदेवनं केली. तुम्ही तुमच्या बापासाठी केली होती तशीच. पाण्यात उतरून त्यानं तुमचं नाव घेऊन हाक मारली, टोपली बुडवली, अन् टोपलीत जो जीव आला तो तुम्हीच समजून माठात घालून घरी आणला. देवापाशी माठ ठेवला, आम्ही पाया पडलो, नातवंडांनी आत डोकावून पाहिलं. सकाळी पुन्हा तळ्यात सोडलं.

अन् टोपलीत काय आलं होतं? मरळ. साऱ्या तळ्यात तुमाले दुसरं काही मिळालं नाही? बोटभर बोटरी झाले असते तर कोणी विचारलं नसतं. ज्या माशाले काढून टाकायचं तुम्ही स्वतः बैठकीत ठरवलं, नेमके तेच होऊन आले. तुमचं असंच.

तेव्हा कोणाच्या मनात काही आलं नाही. आजवर आपल्या तळ्यात कोणी ढेप टाकली नव्हती. मासा सोडून दिल्यावर माणूस कुठं जाते, हे विचारायची पाळीच कोणावर आली नव्हती.

चैतात नागपूरच्या लकडगंजहून ढेपेची पोती आली. ती पाहून सुकदेवचं जेवण सुटलं. तळ्याकडं जाणं सोडलं. मग एक दिवस म्हणते, “माय, मी खाणीत जातो. कन्हानले माणसं घेऊन राहिले.” मी त्याच्या तोंडाकडं पाहिलं. रोहू पोसायचा तर तळ्यात ढेप टाकावी लागते, अन् तळ्यात त्याचा बाप. नाही टाकली तर डॉक्टरचं बीज दुसऱ्या गावी जाते, अन् पोराले जमिनीखाली कोळसा फोडायले जावं लागते. तुमचाच पोरगा, महत्त्वाचं तेवढं सांगत नाही.

मी तुमच्या जंगलू काकाले विचारलं. म्हणे, “काही घोर नको करू. जीव घरी येते, मासा म्हणजे मोटार. माणूस उतरला, मोटार रिकामी.” मले बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी बुढा काठी टेकत आला अन् म्हणते, “पण परत जाणाऱ्या मोटारीतही कोणी बसून जाते पोरी.” आता याले काय म्हणावं?

शेवटी तळ्याच्या पाळीवर सारे जमले तेव्हा मीच डॉक्टरपुढं गेली. सारं सांगितलं. वाटलं, शिकलेला माणूस आहे, हसेल. तो हसला नाही. खाली बसला.

“आजी, मला हे माहीत नव्हतं,” म्हणे.

“आता झालं माहीत. सांगा, तो त्या मरळीत आहे का नाही?”

“ते मला सांगता येणार नाही. माझ्या आईच्या पिंडाला कावळा शिवत नव्हता, तेव्हा मी पण हात जोडून उभा होतो.”

“म्हणजे तुमालेही समजून नाही राहिलं.”

“नाही. पण ढेप टाकायच्या आधी जाळी मारता येतील. निघतील तेवढ्या मरळी वरच्या बोडीत नेऊन सोडू. बोडी लहान आहे, पण पाणी राहतं तिच्यात. मलाही त्या जगायला हव्या आहेत. साऱ्या तळ्यांतून संपल्या तर पुढच्या माणसाला दाखवू काय?”

“साऱ्या निघतील?”

“नाही. मरळ चिखलात शिरून बसते. काही राहतील.”

खोटं बोलला असता तर मले सोपं गेलं असतं. सारे माझ्याकडं पाहून राहिले होते. शब्द तुमचा होता, म्हणून नाही म्हणायचा हक्कही माझ्याकडं आला होता. सुकदेव मात्र पाण्याकडं पाहून राहिला होता. मी म्हटलं, “मारा जाळी.”

जाळी ओढली. टोपल्या भरभरून मरळी निघाल्या, काळ्या, जाड, शेपट्या आपटणाऱ्या. बाजारात मासे नेणाऱ्या कोठीरामच्या तोंडाले पाणी सुटलं. म्हणे, “काकू, कामठीत जिवंत मरळीले लोक भांडतात. एवढ्या बोडीत टाकायच्या? दोन-चार ठेवा, बाकी विकू.”

मी म्हटलं, “यातला एक माझा नवरा आहे. कोणता ते दाखव, बाकीचे ने.”

कोठीराम टोपलीत पाहत राहिला. एकेक मरळ अशी पाहिली जसा पोरीसाठी नवरदेव पाहून राहिला. मग मागं सरला.

कोणीतरी म्हटलं, काकू, तूच हाक मार, ओळखीचा जीव आहे, येईल. आता मी तुमचं नाव जन्मात घेतलं नाही, ते भर पाळीवर घेऊ? गुडघाभर पाण्यात गेली अन् म्हटलं, “अजी, ऐकून राहिले का?” एकही मरळ हलली नाही. मले वाटलं, हे तर तेच आहेत. जिवंतपणी या हाकेले कधी ओ दिली होती?

साऱ्या मरळी बोडीत गेल्या. डॉक्टरनं स्वतः टोपली डोक्यावर घेतली, मानेवरून पाणी गळत होतं. मग ढेप पडली. पाणी चहासारखं झालं, अन् हळूहळू मासे वर यायले लागले. मी घरी आली. ते मले पाहवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुकदेव दारात उभा. हातात ओलं धोतराचं फडकं, त्यात एक मरळ. मेलेली. चिखलातून वर आली होती. बाकीचे मासे लोकांनी घरोघरी नेले, शिजवले. हा हिले घेऊन सरळ माझ्यापाशी आला. ती पुढं धरली.

मी फडकं उघडून पाहिलं. चांगलं पाहिलं. खरं सांगते, मले काहीच समजलं नाही. मासा तो मासा. पण पोराच्या तोंडाकडं पाहून म्हटलं, “हे तुझे बाबा नव्हेत.”

“कशावरून माय?”

“तुझ्या बाबाले कोणी असं फडक्यात गुंडाळून आणलं असतं, तर रस्ताभर बडबड केली असती. हे गुपचूप आलं.”

तो हसला. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा हसला, मग रडला, मग जेवायले बसला. म्हणे, पावसापर्यंत खाणीचं नाव घेत नाही, बीज सोडून पाहतो. ती मरळ आम्ही परसात पेरूखाली पुरली. हळद-कुंकू वाहिलं. तुम्ही नसाल तर त्या माशाले फुकटचा मान मिळाला. अन् तुम्ही असाल तर…

तुम्ही होते का? एवढंच सांगा. रागावणार नाही. पोराले मी जे सांगितलं ते खोटं का खरं, हे मले अजूनही समजून नाही राहिलं. रोज बोडीवर जाते, काठावर बसते. मरळी वर येऊन तोंड उघडतात, हवा पितात, पुन्हा खाली जातात. प्रत्येक तोंड पाहते. प्रत्येक तोंड तुमच्यासारखंच वाटते, यात तुमची काही मोठी तारीफ नाही.

कधी वाटते, तुमाले यातलं सारं आधीच माहीत होतं. बैठकीत हो म्हटलं ते पोरासाठी, अन् घरी नाही म्हटलं ते तळ्यासाठी. कधी वाटते, काहीच माहीत नव्हतं, झोप आली होती म्हणून कूस बदलली.

असो. वचन देते ते ऐका. अखाजीले तीन पानं वाढीन. एक तळ्याच्या पाळीवर, एक बोडीवर, एक पेरूखाली. तिन्हीकडं खाऊ नका, पोट बिघडते. बोडीत जाळं टाकू देणार नाही, कोठीरामले नाही, अन् डॉक्टरलेही चिरून पाहायले एकही मरळ देणार नाही. पाहायची तर काठावरून पाहा म्हणावं, मी पाहते तशी. अन् सुकदेवले खरं काय ते मी मरेपर्यंत सांगणार नाही, कारण ते मलेच माहीत नाही.

आता माझ्या जेवणाचं पाहा. मरळ मी सोडली. बोटरी, शिंगूर खायले घेतलं की घास हातात थांबते, कोण जाणे कोण असेल. पण ढेपेनं झिंगे मेले नाहीत. डॉक्टर म्हणे, त्यांचं रक्तच वेगळं. झिंग्यात तर तुम्ही नक्की नाही, एवढ्या लहान जागेत तुमचं जमलं नसतं. तर कुठंही असाल, जरा हला, अन् झिंगे काठाकडं पाठवा. लहान पाठवा, मोठे नको, माझे दात गेले. परसातला हिरवा सांबार मी खुडून टाकीन.

तुमची,
सुकदेवची माय
(अंगठा माझा, अक्षर शेवंताचं)