मामांचा सल्ला आणि पल्लवीचं मनगट

रविवार, संध्याकाळ

अजून राग धुमसतोय. पण राग मामांवर की स्वतःवर?

पल्लवी, माझी धाकटी बहीण, धरणाच्या पाण्यात एका फळीवर उभी राहून तरंगत्या बोयांना वळसे घालायचा सराव करते. बोटीला बांधलेल्या दोरीची दांडी ती हातात धरते, आणि तिला ओढणारी ती बोट मी चालवते. आज चिकलठाण्याहून मामा बघायला आले. काठावर खुर्ची टाकून बसले, पायातले मोजेसुद्धा काढले नाहीत, आणि लगेच सल्ले सुरू. "पडायला लागली की वेग वाढव, आपोआप उभी राहतीय." "सरळ काय जातीस? बोयाजवळ बोट ने, पोरीला सोपं पडंल." मी हसले. मग पल्लवीला म्हणाले, "दांडी हातातून सुटते व्हय? दोरी मनगटाला गुंडाळ की!"

मी ऐकलं होतं. ती असलं काही करणार नाही, असं वाटलं. पण मोठ्यांचा शब्द कसा मोडायचा, म्हणून तिनं एक वेढा घेतलाच. दुसऱ्या बोयाला ती पडली आणि दोरीनं तिला फरफटत नेलं. मी इंजिन बंद करेपर्यंत मनगट निखळलं होतं.

दवाखान्यातही मामा, मोजे अजून कोरडेच, डॉक्टरांना सांगत होते, "वेढा नीट घेतला नाय तिनं."

"मामा, गप बसा!" मी सगळ्यांदेखत ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. तेव्हापासून आई माझ्याशी बोलत नाही.

पल्लवी मात्र बोलली. प्लास्टरकडे बघत, हळूच. "ताई, हे काठावरच म्हणायचं होतंस ना."